एलिव्हेटरच्या कानावरची लाल रेघ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खाली नेमाने खुसपटं काढतो. "खिडकी उघडी होती का ते लिहिलं नाहीत", "मावशींना त्या दिवशी ताप होता ना, मग?" असल्या कमेंट्स ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना माझं नाव ओळखीचं असेल. शिव्याही भरपूर खाल्ल्यात. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर काही जणांना उकळ्या फुटणार, याची मला कल्पना आहे. फुटू द्या. भुतंखेतं, संकेत, शकुन-अपशकुन यांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही... पण या एका गोष्टीपुढे माझी अक्कल चालत नाही आणि हे कबूल करायला मला अजिबात आवडत नाही.

संशय घेणं हा माझा पगारी धंदा आहे. अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की लोकांना जर्सी सिटी नाहीतर बेलव्ह्यू, लॅपटॉप आणि वीकेंडचं मंडळ एवढंच दिसतं. मी राहतो टेक्सासमधल्या मिडलंडला. सपाट जमीन, वारा, धूळ आणि नजर जाईल तिथे माना हलवणारे तेलाचे पंप. माझा एक चुलतभाऊ चँडलरला सेमीकंडक्टरमध्ये आहे. तो एकदाच इथे आला आणि म्हणाला, "यार, तू अमेरिकेत येऊन पण एमआयडीसीतच राहिलास!" त्याचं काही फारसं चुकलं नाही. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे फाउंड्रीची धग लहानपणापासून अंगावर घेतलेली, पुढे मेकॅनिकल, मग इथे मास्टर्स. आता तेलविहिरी खोदणाऱ्या रिग्जची हत्यारं तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत इन्स्पेक्टर आहे. कंपनीचं नाव सांगणार नाही.

काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विहीर खोदताना लोखंडी पाइप एकाला एक जोडत खाली सोडतात. हा लांबलचक पाइप जमिनीच्या पोटात लोंबत असतो आणि तो धरायला मोजकीच हत्यारं असतात. रिगच्या फ्लोअरला जे भोक असतं, त्यात पाइपाभोवती दातेरी पाचरी बसवतात, त्या स्लिप्स. दार आपटू नये म्हणून आपण खाली पाचर मारतो तसंच, फक्त इथे त्या पाचरींवर सगळ्या पाइपाचं वजन. सांधे आवळायला माणसाएवढे पाने असतात, ते टाँग्ज. आणि पाइप वर उचलायला एलिव्हेटर. लिफ्ट नव्हे हो. एलिव्हेटर म्हणजे बिजागरीचं जाडजूड पोलादी कडं. ते पाइपाच्या गळ्याभोवती मिटतं, पाइपाचा वरचा जाड सांधा त्यावर टेकतो आणि कड्याच्या दोन बाजूंना जे दोन कान असतात त्यांना दांडे अडकवून वरची यंत्रणा सगळं वजन उचलते. यातला एक कान तुटला तर पाइप खाली येतो. आणि खाली माणसं काम करत असतात.

तर हे कान तडकलेत का, ते आम्ही बघतो. पोलादाला हातातल्या चुंबकाने भारायचं, वरून लोखंडाची बारीक भुकटी भुरभुरायची आणि हलकेच फुंकायची. कुठे तडा असेल तर भुकटी तिथे धरून राहते आणि रेघ उमटते. आमच्या शेडमध्ये ही भुकटी लाल रंगाची असते. तपासून झालं की भुकटी पुसायची, चुंबकत्व उतरवायचं, हत्यार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं आणि रिगवर पाठवायचं. इतकं साधं काम आहे, आणि तरी यात कोण काय लपवेल याचा भरवसा नाही.

शेडमध्ये इन्स्पेक्टर दोनच, मी आणि कर्टिस. कर्टिस इथलाच, माझ्यापेक्षा बराच मोठा, अंगाने आडवा आणि बोलायला तुटक. वर ग्लेन नावाचा मॅनेजर. त्या सुमारास लीड इन्स्पेक्टरची जागा रिकामी झाली होती आणि ती आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार होती. त्यामुळे आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग'पुरतं उरलं होतं. मी तपासलेली हत्यारं तो जाताजाता परत बघायचा. त्याची मी बघायचो. मला वाटायचं हा माझी चूक शोधतोय आणि त्याला माझ्याबद्दल तेच वाटत असणार.

त्या दिवशी खंडेनवमी होती. ज्यांच्या घरी कारखाना नाही त्यांच्यासाठी सांगतो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून मांडतात, हळद-कुंकू-फूल वाहतात आणि मग त्या दिवसापुरती ती हत्यारं हातात घेत नाहीत. त्यांना सुट्टी. माझा देवाधर्माशी संबंध प्रसाद खाण्यापुरता. पण माझी बायको मानसी हिला हे सगळं लागतं. सकाळी तिने कुंकवाची डबी काढून ठेवली होती आणि मी ती घरीच विसरलो. मुद्दाम विसरलो असं तिचं म्हणणं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः गाडी काढून शेडवर आली, डबी, झेंडू आणि जेवणाचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वर्षभर ज्यांच्या जिवावर खातोयस त्यांना एकदा हात जोडायला तुझं काय जातं रे?"

"लोक हसतात इथे."

"हसू देत. आणि पूजा झाली की परत हात लावू नकोस हं त्यांना आज."

ती ऑफिसच्या दारातूनच परत गेली, शेडमध्ये आलीच नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कुणीतरी विचारणारच.

मी माझ्या टेबलावर माझा चुंबक, माझा व्हर्नियर आणि टॉर्च मांडला, बोट कुंकवात बुडवून एकेक टिळा लावला, झेंडू ठेवले, डबी बंद करून खिशात टाकली. कर्टिस समोर बसून टाको खात सगळं बघत होता. त्याने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे आज टूल्सचा वाढदिवस असतो." तो हसला नाही. त्याने फक्त टाको गुंडाळलेला कागद चुरगळला आणि टोपलीत टाकला.

जेवणानंतर एक एलिव्हेटर रिगवर जायचा होता. ज्या रिगचा तो होता तिचा माणूस स्वतः पिकअप घेऊन बाहेर येऊन थांबला होता, कारण रिग खोळंबली होती. हा एलिव्हेटर कर्टिसने सकाळी तपासला होता. त्यानेच पुसून, गुंडाळून, पास झाल्याचं लेबल लावून तो शेडच्या पार दुसऱ्या टोकाला पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळीवर, ठेवला होता, आणि हे मी स्वतः पाहिलं होतं, कारण तो काय करतो ते मी बघतच असतो. मी सहज, म्हणजे सवयीप्रमाणे, जवळ गेलो. प्लॅस्टिकच्या आत, डाव्या कानाच्या मुळाशी, कान जिथे कड्याला जुळतो तिथे लाल दिसलं.

खाली वाकून बघितलं. डाग नव्हता, रेघ होती. केसाइतकी बारीक, किंचित वळलेली, टोकांना निमुळती होत गेलेली. मंडळी, मी अशा रेघा बघूनच पोट भरतो. तड्यावर भुकटी जशी धरते तशी ती हुबेहूब होती.

माझ्या डोक्यात एकच विचार आला. याला सकाळी तडा दिसला, आणि याने तसाच गुंडाळला!

मी ओरडूनच ग्लेनला बोलावलं. आता वाटतं जरा हळू बोलायला हवं होतं, पण त्या क्षणी मला रागही आला होता आणि, खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. ग्लेन आला, कर्टिस आला. मी म्हटलं, "बघ, पावडर अजून तड्यावर आहे. याने पास केलाय हा."

कर्टिस पुढे होऊन बघत राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला. "ही माझी पावडर नाही," तो म्हणाला. "मी पुसलं होतं. ही तुझी ती लाल गोष्ट आहे. आत्ता जेवताना लावत होतास ती."

"प्लॅस्टिकच्या आत? गुंडाळलंस तू सकाळी. माझी डबी दुपारी आली."

"मला काय माहीत ती कधी आली!"

ग्लेनने सुरी मागवली. प्लॅस्टिक कुठे फाटलंय का, उघडून परत चिकटवलंय का, ते आम्ही तिघांनी पाहिलं. काही नव्हतं. कर्टिसने सगळ्यांसमोर प्लॅस्टिक कापलं आणि रेघ उघडी पडली. हात कुणी लावला नाही.

आता भांडण मिटवायचा उपाय माझ्याकडे होता आणि तो मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला. आमची भुकटी लोखंडाची. चुंबक जवळ नेला तर ती हलणार. ग्लेन म्हणाला, "मग तुझा चुंबक आण."

आणि मी... मी म्हणालो, "माझा नको. कर्टिसचा घ्या."

"का?"

काय सांगायचं? पूजा झालीय म्हणून? मी, ज्याने आयुष्यात कधी उपास धरला नाही तो? पण मानसीने बजावलं होतं, माझं बोट अजून लाल होतं, आणि ती हत्यारं झेंडू डोक्यावर घेऊन टेबलावर बसली होती. मला ती उचलवेनात. मी म्हटलं, "आज ती वापरायची नसतात." ग्लेन आणि कर्टिसने एकमेकांकडे पाहिलं. त्या दोघांनी एकमेकांकडे तसं पाहणं मला चांगलं लक्षण वाटलं नाही.

कर्टिसने स्वतःचा चुंबक आणला आणि रेघेजवळ धरला. रेघेतला एक कणही हलला नाही. त्याने शेजारी आमची लाल पावडर चिमूटभर टाकली, तर ती उभी राहून चुंबकाला चिकटली. रेघ मात्र जागची हलली नाही. म्हणजे ती लोखंडाची भुकटी नव्हतीच.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण मला पक्कं ठाऊक होतं की कुंकू तिथे जाणं शक्यच नाही, आणि ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध केल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या घरचं कुंकू हळदीचं, घरी केलेलं. हळदीला चुना लागला की लाल होते आणि लिंबू लागलं की परत पिवळी. आईने लहानपणी दाखवलेली गंमत. मी कर्टिसच्या टाकोबरोबर आलेली, टेबलावर उरलेली लिंबाची फोड आणली आणि म्हटलं, "हे माझं कुंकू असेल तर पिवळं होईल. बघा, होणार नाही."

रेघेच्या एका टोकावर एक थेंब पिळला.

ते टोक पिवळं झालं.

 बाहेर त्या रिगच्या माणसाने पिकअपचा हॉर्न वाजवला. मी खिशातून डबी काढून उघडली, आत माझ्या एकाच बोटाचा खड्डा होता, बाकी कुंकू मानसीने दाबून भरलं होतं तसंच होतं. पण ते बघून कुणाचं समाधान होणार? मी माझ्याच हाताने माझ्या गळ्यात फास अडकवला होता.

ग्लेन फार शांतपणे बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "पास झालेल्या टूलवर खोटी खूण करणारा माणूस मला इथे नको. कर्टिस, तू परत तपास. काही निघालं नाही, तर टूल जाईल आणि..." माझ्याकडे बघून, "तू आज शेवटचा इथे."

मला भीती वाटली.  माझा व्हिसा या नोकरीवर, मानसीचा माझ्या व्हिसावर. नोकरी गेली की दोघांचं बिऱ्हाड उचललंच. आणि तेही कशासाठी, तर खोटारडा म्हणून! दुसरी कंपनी विचारणार, मागची का सोडली? तपासणीच्या धंद्यात एकदा हा शिक्का बसला की संपलं.

मी कोपऱ्यात जाऊन मानसीला फोन केला. सगळं ऐकून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, खरं सांग मला. मी कुणाला बोलणार नाही. तूच लावलंस ना?"

"मानसी!"

"नाही म्हणजे, तुझं आणि त्या कर्टिसचं चाललंय ना ते प्रमोशनवरून... म्हणून विचारलं."

मी फोन ठेवला. बायकोलाही मी खोटा वाटत होतो, मग परक्यांना काय बोल लावायचा.

इकडे कर्टिसने रेघ पुसली. कानाचं मूळ घासून स्वच्छ केलं, चुंबकाने भारलं, आमची लाल भुकटी टाकली, फुंकली. मी मागे उभा राहून बघत होतो, डोळ्यांत तेल घालून. त्याने दोन्ही दिशांनी भारलं, कुठे घाई केली नाही. काहीच धरलं नाही. कान एकदम साफ होता. भुकटीच्या हिशेबाने त्या पोलादात तडा नव्हता.

मला आता दोनच शक्यता दिसत होत्या. एक, कर्टिसने कुठूनतरी असलंच कुंकू पैदा करून मला अडकवलंय. मिडलंडला इंडियन ग्रोसरी आहे, तिथे मिळतं. पण आज खंडेनवमी आहे हे त्याला कुठून कळणार, आणि हळदीचं कुंकू घ्यायचं हे कोण सांगणार? दोन, मीच लावलं आणि मला आठवत नाही. ही दुसरी शक्यता मनात आली तेव्हा मी परत एकदा डबी उघडून तो एकाच बोटाचा खड्डा बघितला.

ग्लेनने फोर्कलिफ्टकडे हात केला. "लोड करा."

आणि कर्टिस म्हणाला, "नाही."

तो माझ्याकडे बघत होता, ग्लेनकडे नाही. "हा आज जाईल आणि उद्या कुणालातरी फोन करून सांगेल की कर्टिसने तडकलेलं टूल पाठवलं. मला माहितीये ही माणसं कशी डोकं चालवतात. मी याला तोंडच ठेवणार नाही. हा एलिव्हेटर पुल-बेडवर घे. पूर्ण लोडला ओढ. तो टिकला की मग याने माझ्या डोळ्यांसमोर सामान उचलायचं."

पुल-बेड म्हणजे ओढून बघायचं यंत्र. शेडच्या मागे जाड पत्र्याच्या आडोशाने ते बसवलंय. त्यात हत्यार अडकवून हायड्रॉलिकने रोजच्या कामात पडेल त्याहून जास्त ताण देतात. प्रत्येक वेळी हे करत नाहीत, वेळ जातो आणि रिग खोळंबलेली असते. ग्लेन कुरकुरला. कर्टिस हटला नाही. 'ही माणसं' हे त्याचे शब्द मला लागले होते, आजही लागतात. पण हेही तितकंच खरं की त्या दिवशी त्याच्या मनात माझ्याबद्दल इतका संशय नसता, तर तो एलिव्हेटर गेला असता.

एलिव्हेटर बेडवर चढला. कर्टिस पंपाशी उभा राहिला, मी आणि ग्लेन आडोशामागे, काचेतून बघत. ताण चढायला लागला. दांडे कुरकुरले, ते नेहमीच कुरकुरतात. काटा वर सरकत होता आणि कान जागच्या जागी होता. मी मनात घरातलं सामान मोजायला लागलो होतो, सोफा विकायचा का, गाडीचं काय. सांगायला लाज वाटते, पण मनातल्या मनात मी त्या लोखंडाला तुटायला सांगत होतो. स्वतःची नोकरी वाचावी म्हणून.

काटा रोजच्या लोडच्याही खालीच होता तेव्हा धाडकन आवाज झाला. पत्रा थरथरला, छपरावरची धूळ खाली आली आणि ग्लेन माझ्या अंगावर आदळला.

धूळ बसल्यावर आम्ही आत गेलो. डावा कान मुळापासून तुटून पडला होता. तुटलेली कड किंचित वळलेली होती, टोकांना निमुळती. कर्टिस गुडघ्यावर बसला आणि त्याने तुटका तुकडा उलटा केला. मी फाउंड्रीच्या गावचा आहे, मला एका नजरेत कळलं. आत, पोलादाच्या पोटात, ओतकामाच्या वेळेपासून राहिलेली पोकळी होती. तिच्यापासून तडा आतल्याआत वाढत आला होता, जुना, काळपट पडलेला. वर फक्त बोटभर जाडीची कातडी शाबूत होती, तेवढीच ताजी, चकाकणारी. आमची भुकटी इतकं खोलचं दाखवत नाही. कर्टिसचं काही चुकलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही इन्स्पेक्टरने ते हत्यार त्या रीतीने पासच केलं असतं.

तो रिगचा माणूस आवाज ऐकून धावत आत आला होता. त्याने तुटका कान बघितला आणि टोपी काढली.  आज संध्याकाळी हे हत्यार कुणाच्या डोक्यावर असतं ते त्याला नावानिशी माहीत होतं, आम्हाला नव्हतं. मग त्याने विचारलं, "हे सापडलं कुणाला?"

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं.

"मला," कर्टिस म्हणाला. "मला शंका आली म्हणून बेडवर घेतला."

त्या माणसाने कर्टिसचा हात दोन्ही हातांत धरला. सोडेचना. मी बघत राहिलो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हा श्रेयही घेणार, आणि वर लीडची जागाही! मला वाटलं, अरे, एवढ्यासाठीच होतं का सगळं? याला आधीपासून माहीत होतं का? पण माहीत असतं तर याने स्वतःहून पास करून गुंडाळला कशाला असता? माझा संशय गोल फिरून परत त्याच जागी येत होता.

ग्लेन रिगच्या माणसाला घेऊन ऑफिसमध्ये गेला. जाताना मला म्हणाला, "मघाचं विसर. उद्या ये." बस, एवढंच. माफी नाही, काही नाही. पण नोकरी वाचली होती.

मी मागच्या दाराने बाहेर आलो. वारा सुटला होता, सगळीकडे धुळीचा पिवळट उजेड. कर्टिस त्याच्या पिकअपच्या मागच्या उघड्या फळीवर, टेलगेटवर, बसला होता. मी थेट जाऊन विचारलं, "सापडलं तुला?"

"मग काय सांगायला हवं होतं?" तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कसं सापडलं. आधी रिगवाल्यांनी, मग टूल बनवणाऱ्यांनी, मग वकिलांनी. तू काय सांगणार होतास? लाल पावडर? मी पंचवीस टूल्स नापास केली तरी मला कुणी काही विचारत नाही. तुला आयुष्यभर विचारतील."

हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याच्या शेजारी टेलगेटवर बसलो. त्याच्या नखांत अजून पिवळा-लाल रंग होता, रेघ त्यानेच पुसली होती ना. समोर एक तेलाचा पंप मान हलवत होता. मला त्याचे आभार मानायचे होते पण 'ही माणसं' घशात अडकलं होतं.

मग त्याने मान वळवली. "आता इथे कुणी नाही. मला सांग. तुला कसं कळलं?"

"मला नाही कळलं, कर्टिस. मी ती रेघ काढली नाही. ती तिथे कशी आली, मला खरंच माहीत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी रोज पोलादाकडे बघतो तसं, कुठे काही धरतंय का ते शोधत.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. वारा म्हणाल, तर प्लॅस्टिकच्या आत वारा नाही. कर्टिसने गुंडाळायची वेळ खोटी सांगितली म्हणाल, तर गुंडाळताना मीच पाहिलंय. आणि कुणीही हाताने काढली म्हणाल, तर पोलादाच्या पोटातला तडा बाहेरून दिसत नसताना तो कुठून कसा वळतो हे त्या हाताला कसं कळलं? कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात पॅलेट दिसतं. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ कुणी गेलेलं दिसत नाही, हे ग्लेनने नंतर मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. चुलतभाऊ म्हणतो, कोइन्सिडन्स. मानसी म्हणते, देवाने हात दिला. पण तिलाही अधूनमधून शंका येतेच, मग ती भाजी चिरता चिरता विचारते, "खरंच तू नव्हतं ना लावलंस?" खाली कमेंटमध्ये तुम्हीही विचाराल. विचारा. माझ्याकडे उत्तर नाही.

लीडची जागा कर्टिसला मिळाली. आता मी तपासलेलं प्रत्येक हत्यार तो परत बघतो आणि त्याचं मी. आम्ही एकमेकांशी पूर्वीपेक्षा चांगलं बोलतो, कधीतरी जेवतोही एकत्र. पण त्या दिवशी टेलगेटवर माझं उत्तर ऐकून तो जे म्हणाला होता, ते त्याने अजून मागे घेतलेलं नाही. तो उठला, पँटवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "तुझ्यावर माझा विश्वास नाही."

त्याच्या जागी मी असतो, तर मीही ठेवला नसता.